परभणीहून अलिबाग-काशिदला बोटीने जायचं असेल तर नियोजन आणि बुकिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीहून सहा जण, त्यात सत्तरीची आई आणि दोन लेकरं, डिसेंबरात तीन-चार दिवस अलिबाग-काशिदला जायचं. घरची गाडी मुंबईपर्यंत नेऊन रो-रो बोटीत (माणसांसोबत गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीत) टाकावी की रेल्वेने जाऊन साधी बोट धरावी, आणि कशाचं बुकिंग आधी करावं?

माझं स्पष्ट मत: बोटीने जायचंच असेल तर गाडी घरी ठेवा आणि रेल्वेने जा. गाडी न्यायचीच असेल तर मुंबईच्या बोटीचा नाद सोडा.

गाडीवाल्यांचं गणित नकाशा पाहिला की कळतं. परभणी, बीड, लातूर, धाराशिवकडून निघालेला माणूस अहिल्यानगर किंवा सोलापूरमार्गे पुण्यात येतो. पुण्याहून द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड आणि अलिबाग. म्हणजे मुंबईला शिवावंच लागत नाही. रो-रोसाठी मुंबईत शिरलात तर तेवढाच वेळ ट्रॅफिकमध्ये जातो आणि बोटीचं भाडं वर. फक्त वडखळ ते अलिबाग हा पट्टा शनिवारी सकाळी अलिबागकडे आणि रविवारी संध्याकाळी उलट दिशेने तुंबतो, तेवढं टाळा. जालना-संभाजीनगरकडून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत येणाऱ्यांना रो-रोचा विचार करता येईल, कारण पुढे पूर्व मुक्त मार्ग पी. डि'मेलो रोडवर ऑरेंज गेटपाशी उतरतो आणि रो-रो जिथून सुटते तो भाऊचा धक्का तिथून जवळच आहे.

गाडीसकट बोटीत बसायची लेकरांची हौस असेल तर ती दक्षिणेकडे भागवा. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्यांवर फेरीबोटी चालतात, काही ठिकाणी लोक त्यांना जंगलजेटी म्हणतात. तिथे आगाऊ बुकिंगची भानगड नाही. धक्क्यावर रांगेत गाडी लावायची, तिकीट काढायचं, काही मिनिटांत पलीकडे. ओहोटीला पाणी खाली गेलं की बोटीच्या फळीचा उतार तीव्र होतो आणि सामान-माणसांनी भरलेल्या बुटक्या गाडीचं पोट घासतं. अशा वेळी माणसं उतरवून एकट्या चालकाने गाडी चढवावी. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला.

आता मूळ मुद्दा. मुंबईहून मांडव्याला, म्हणजे अलिबागकडच्या बोटीच्या धक्क्याला, जायच्या वाटा दोन आहेत. गेटवे ऑफ इंडियाहून पीएनपी, मालदार आणि अजंता या कंपन्यांच्या प्रवासी बोटी सुटतात. यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते, हा मोठा फायदा. दुसरी वाट भाऊच्या धक्क्यावरून एमटूएम कंपनीची रो-रो. ती 2020 च्या मार्चपासून सुरू आहे, बोट मोठी असल्याने कमी हलते आणि गाडी नसली तरी नुसत्या प्रवाशांना घेते. दोन्हींना साधारण तासभर लागतो.

तुमच्या आईंसाठी मी रो-रो सुचवेन. गेटवेला धक्क्याच्या ओल्या पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अवघड जातं. रो-रोत चढणं बरंच सोपं. मात्र मांडव्याहून पुढची सोय स्वतः बघावी लागेल. तिथे रिक्षा आणि जीप मिळतात, पण काशिदपर्यंत सहा जण आणि सामान असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून गाडी आधीच ठरवा. मांडवा ते अलिबाग साधारण 20 किलोमीटर आणि अलिबाग ते काशिद आणखी 30 च्या आसपास. रेवदंड्याचा पूल ओलांडून जायचं.

बुकिंगचा क्रम चुकला की सगळं फसतं. आधी रेल्वे, मग मुक्काम, शेवटी बोट. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं, सकाळी 8 वाजता. देवगिरी एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला पोचते, बोटीसाठी तीच सोयीची. तपोवन रात्री पोचते, म्हणजे मुंबईत एक मुक्काम अंगावर पडतो. वंदे भारत दुपारी पोचते. तिला जोडून बोट धरायची तर मांडव्याला उतरेपर्यंत अंधार पडायला लागतो, आणि लेकरं घेऊन काशिदचा रस्ता अंधारात नको. देवगिरीने गेलात तर बोट सकाळी दहानंतरचीच घ्या. कल्याणच्या अलीकडे गाडी तास-दीड तास रखडणं नवीन नाही, आणि चुकलेल्या फेरीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

वार कोणता धरायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. अलिबागची गर्दी म्हणजे मुंबई-पुण्याची गर्दी. ती शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी तिकडे जाते, रविवारी दुपारनंतर परतते. आपण लांबून येणारे, रजा तशीही काढायचीच आहे, तर त्यांच्या उलट चाला. शनिवारी रात्री परभणीहून निघून रविवारी सकाळी मुंबई, दुपारी अलिबाग, आणि बुधवारी परत. जाताना बोट मोकळी मिळते, सोमवार-मंगळवारी खोल्यांचे दर खाली येतात, आणि परतीच्या बोटीला रांग नसते. नाताळ ते 1 जानेवारी हा काळ मात्र पूर्ण टाळा, तेव्हा वार बघून काही उपयोग नाही.

रो-रोचं बुकिंग त्यांच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर होतं. तारीख, फेरीची वेळ, डेकचा वर्ग आणि प्रवाशांची नावं भरायची. गाडी असेल तर तिचा प्रकार आणि नंबरही लागतो. गाडीचं तिकीट आणि माणसांचं तिकीट वेगळं, त्यामुळे पैसे भरण्याआधी डोकी मोजा, लेकरं धरून. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा. पायी प्रवाशांनी अर्धा तास आणि गाडीवाल्यांनी पाऊण तास आधी पोचावं. सीएसएमटीहून टॅक्सी करा. हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरता येतं, पण सामान आणि आई सोबत असताना ते नको. भाऊचा धक्का हे मासळी उतरवायचंही ठिकाण, सकाळी टेम्पोंची गर्दी असते. तिथूनच रेवस आणि मोऱ्याच्या जुन्या लाँचही सुटतात आणि नवखी माणसं त्या रांगेत उभी राहतात. टॅक्सीवाल्याला 'रो-रो टर्मिनल' असंच सांगा.

गेटवेने जाणार असाल तर तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा, मांडव्याला बसमध्ये तेच दाखवायचं असतं. बोट धक्क्याला लागली की तरण्या माणसाने पुढे जाऊन बसच्या जागा धराव्यात, बाकीच्यांनी सावकाश यावं, कारण जेट्टी लांब आहे. किहिमला उतरायचं तर चोंढीला बस थांबवायला सांगा. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून मोठी जीवितहानी झाली. तेव्हापासून लाइफ जॅकेटचा आग्रह आहे. लेकरांच्या मापाचं मागून घ्या आणि पट्टे खरंच आवळा, नुसतं गळ्यात अडकवून फायदा नाही. मेअखेर ते ऑगस्टअखेर गेटवेच्या या बोटी बंद असतात. रो-रो पावसाळ्यातही चालते, पण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात.

बोट लागते ती बहुतेक खाण्याच्या चुकीने. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असणारच, पण तेलकट धपाटे आणि दही बोटीआधी नको. दोन तास आधी हलकं खा, रिकाम्या पोटीही बसू नका. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, वारा लागेल अशी जागा घ्या आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घातलं की मळमळ हमखास वाढते. आईंना बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. डिसेंबरात सकाळचं पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा वाढतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. ओहोटी कधी, हे आपल्या घरच्या कालनिर्णयावरून काढता येतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तासाभराचा फरक पडू शकतो. तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम, कारण ओहोटी सकाळी येते आणि पाणीही बऱ्यापैकी मागे हटतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फारसं सरत नाही. ओहोटीच्या वेळेआधी तासभर निघा आणि पाणी वाढायला लागताच परता. किल्ल्यात फोटो काढत बसलेलेच अडकतात.

काशिदच्या पाण्याबद्दल एवढंच: आपल्याकडची पोरं विहिरीत उत्तम पोहतात, पण विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. काशिदला पायाखालची वाळू सरकते आणि परतणारी लाट आत खेचते. कमरेच्या पुढे कुणालाच जाऊ देऊ नका.

परतीला रात्रीची देवगिरी असेल तर मांडव्याहून दुपारी तीनच्या आतली बोट धरा. आदल्या दिवशी हवा बिघडायचा अंदाज असेल तर बोटीच्या भरवशावर राहू नका. अलिबाग एसटी स्टँडवरून पनवेलची बस, पनवेलहून ठाण्याची लोकल, आणि ठाण्याला देवगिरी पकडा. त्यासाठी आयआरसीटीसीवर गाडी सुटण्याच्या 24 तास आधी बोर्डिंग स्टेशन बदलून ठाणे करा. एकदा बदललं की मग सीएसएमटीहून चढता येत नाही, हे लक्षात असू द्या.