शहराकडे पैसेच उरले नाहीत, तर अमेरिकेत अग्निशमन जवानांचं पेन्शन कोण देतं?

थोडक्यात सांगायचं तर, आपोआप कोणीच देत नाही. खासगी कंपन्यांच्या पेन्शनला इथे केंद्र सरकारचं विमा संरक्षण आहे, शहरांच्या पेन्शनला ते नाही. अलाबामातल्या प्रिचर्ड गावाने 2009 च्या सप्टेंबरात निवृत्तांचे चेक सरळ बंद केले. ऱ्होड आयलंडच्या सेंट्रल फॉल्सने 2011 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा काही निवृत्त पोलीस आणि जवानांचं पेन्शन निम्म्याहून जास्त कापलं गेलं.

पण मी राहतो टेक्सासमधल्या डॅलसला, तेव्हा इथलंच जरा नीट सांगतो. माझे बाबा गावाकडच्या नगरपालिकेत बंबावर होते, त्यामुळे या विषयात मी जास्तच नाक खुपसतो. बाबांच्या नावाने कुठे पैसे बाजूला ठेवलेले नाहीत. अनुदान आलं, घरपट्टी वसूल झाली, की त्यातून देतात. नाही आलं तर दहा तारीख उलटते आणि बाबा पासबुकाचं कोरं पान व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर धरतात.

डॅलसला पोलीस आणि अग्निशमन दलाचा मिळून एक फंड आहे. जवानाच्या पगारातून कापतात, शहर आपला वाटा घालतं, जमेल ते गुंतवतात आणि पेन्शनचा मोठा हिस्सा गुंतवणुकीच्या कमाईतून येईल असं धरतात. या लोकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारच्या पेन्शनचा हप्ता, कापत नाहीत, म्हणजे म्हातारपणी तोही आधार नाही. सगळी भिस्त फंडावर.

घोळ झाला तो 1993 साली आणलेल्या ‘ड्रॉप’ योजनेत. माणूस कामावरच राहायचा, पगार घ्यायचा, पण कागदोपत्री निवृत्त. त्याचं पेन्शन एका खात्यात साठत जायचं आणि त्यावर अनेक वर्षं 8 ते 10 टक्के व्याजाची हमी! 2009 नंतर बँका एक टक्का द्यायलाही कुरकुरत होत्या, तेव्हासुद्धा. काहींच्या खात्यात दहा लाख डॉलरहून जास्त साठले. मी त्यांना दोष देत नाही. समोरून मिळतंय तर कोण सोडेल?

एवढं व्याज कमवायचं कुठून? मग फंडाने हवाईतली आलिशान घरं, कॅलिफोर्नियात नापाकडची द्राक्षमळ्यांची जमीन, ॲरिझोनातली ओसाड जागा असं काय काय घेतलं. शिवाय भर शहरात म्युझियम टॉवर हा 42 मजली काचेचा मनोरा बांधला. त्या काचांवरून परतणारं ऊन शेजारच्या नॅशर शिल्पसंग्रहालयाच्या बागेवर पडून झाडं करपू लागली, यावरून शहरभर भांडण झालं ते वेगळंच.

2016 मध्ये हिशेब उघडा पडला. फंड दहा-बारा वर्षांत रिकामा होणार असं कळल्यावर पीएमसी बँकेपुढे झाली तशीच ड्रॉपचे पैसे काढून घ्यायची झुंबड उडाली, फक्त रांग रस्त्यावर दिसली नाही. काही महिन्यांत 50 कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाहेर गेली. डिसेंबरात महापौर माइक रॉलिंग्ज स्वतः कोर्टात गेले आणि फंडाच्या मंडळाने पैसे काढणं थांबवलं.

2017 साली टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला. त्यात तेव्हा ठरलं ते असं: जवानाची कपात पगाराच्या 13.5 टक्के, शहराचा वाटा 34.5 टक्के, निवृत्तीचं वय 58. फंडात एकूण देण्याच्या 70 टक्के पैसे जमेपर्यंत पेन्शनमधली वार्षिक वाढ बंद, आणि ड्रॉपचे पैसे एकरकमी नाहीत, आयुष्यभराच्या हप्त्यांनी. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे: पैसे शेवटी करदात्याने आणि नव्याने भरती झालेल्या पोरांनी भरले. ज्यांनी 10 टक्क्यांचं सुख कधी पाहिलं नाही, त्यांचीच कपात वाढली आणि पुढचं पेन्शन मात्र घटलं. हे मला पटत नाही, पण दुसरा मार्ग काय होता तेही सुचत नाही.

आमच्या शेजारचे आजोबा याच दलातून निवृत्त झाले. ड्रॉपच्या पैशातून तळ्याकाठी घर घ्यायचं होतं, आता महिन्याला हप्ता येतो. परवा गाडीतून म्युझियम टॉवरपाशी आलो तर वर बोट दाखवून म्हणाले, “यातल्या दोन-चार खिडक्या माझ्या आहेत, पण पार्किंगचे पैसे मलाच भरावे लागतात.”