बोलकी भाषा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गावात आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची, असं आमच्या ग्रामसभेत ठरलं. भिंतीवर आम्ही लिहिलं, ‘पाण्याचे योग्य नियोजन करून शेतीचा शाश्वत विकास साधू या’. ते कुणाच्याच तोंडी बसत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मात्र पोरासोरांनाही पाठ आहे. असं का?
– एक ग्रामपंचायत सदस्या, माण तालुका

उत्तर: ताई, तुमच्या वाक्यात अर्थ आहे, ठेका नाही. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ: ऱ्हस्वाला एक, दीर्घ किंवा अनुस्वाराच्या अक्षराला दोन. ‘पाणी’च्या मात्रा चार, ‘अडवा’च्या चार, झाल्या आठ. ‘पाणी जिरवा’ही आठच. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ किंवा ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ मोजून बघा. तिथेही आठ आणि आठ. टाळी देत म्हटलं की दर चार मात्रांनी टाळी आपोआप पडते.

मला त्यातली अक्षरंही फार आवडतात. ‘अडवा’ म्हणताना ‘ड’पाशी जीभ टाळूला लागून श्वास खरंच अडतो आणि ‘जिरवा’तल्या ‘र’वर तो मोकळा होतो. शिवाय ‘जिरवणे’ला दुसरा अर्थ आहेच. पुढाऱ्यांच्या भांडणावर लोक ‘एकमेकांची अडवा, एकमेकांची जिरवा’ म्हणतात ते त्यामुळेच. घोषणेचं असं विडंबन झालं की ती रुजली म्हणून समजा.

यमक हवंच असं नाही. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’मध्ये ते कुठे आहे? तिथे सगळा जोर एका ‘च’वर आहे. तो काढून म्हणा, आग्रहातली धारच जाते. शिवाय अर्धी ओळ एकाने द्यायची आणि उरलेली गर्दीने उचलायची, म्हणजे ऐकणारा स्वतःच मागणी करू लागतो.

‘नियोजन’, ‘शाश्वत’, ‘विकास’ हे शब्द अहवालात राहू द्या. भिंतीवर लिहा:

‘पाणी मोजा, नंतर पेरा’

आठ आणि आठ मात्रा, आणि दोन्हीकडे शेवटी मोकळा ‘आ’, म्हणजे लांबवर हाक पोचते.

एक मात्र सांगते. ठेक्यात बसलेलं वाक्य माणूस सहसा तपासत नाही, मानून टाकतो. निवडणुकीत आणि जाहिरातीत याचाच फायदा घेतला जातो. तुम्ही तसं करू नका. घोषणेखाली यंदा विहिरींत किती पाणी आहे आणि ते कोणत्या पिकाच्या किती एकरांना पुरेल, हे आकडे लिहाच, आणि दर पावसाळ्यानंतर ते बदला.