मादी भरवण्याआधी पिल्लांचा पत्ता सांगा

मागच्या अंकात शेळीच्या गोठ्याबद्दल लिहिताना मी ओघात सशांचा उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रं आली की शेळ्या बाजूलाच राहिल्या. तेव्हा या वेळचं सदर सशांचं. नोकरीत मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशीच जास्त पाहिल्या. ससे निवृत्तीनंतर माझ्या परसात आले. आजही माझ्याकडे चार माद्या आणि एक नर याहून जास्त जनावर नाही, आणि वाढवायचा विचारही नाही.

प्रश्न : मी पदवीधर आहे, नोकरी नाही. एक कंपनी दहा माद्या आणि तीन नरांचं ‘युनिट’ पिंजऱ्यांसह देते. तयार होणारी सगळी पिल्लं तीच परत विकत घेणार, तसा करार करते. दोन युनिटं घ्यावीत का? – एक वाचक, बार्शी

दोन नको आणि एकही नको. निदान मी सांगते तेवढी चौकशी होईपर्यंत तरी नको.

कंपनीला पहिला प्रश्न विचारा : माझ्याकडून घेतलेला ससा तुम्ही पुढे कुणाला विकता? उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं. पहिलं, लोकरीसाठी. लोकर देणारा ससा अंगोरा जातीचा, त्याला थंडी लागते. आपल्याकडे तो हिमाचल-उत्तराखंडाच्या पट्ट्यात पाळतात. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं त्यासाठीचं केंद्रही कुलू खोऱ्यात, गडशाला आहे. तुम्हाला देऊ करतात तो बहुधा न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला. त्या मांसाच्या जाती, त्यांच्या अंगावरून विकण्याजोगी लोकर निघत नाही. दुसरं उत्तर, प्रयोगशाळा घेतात. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी ससे लागतात हे खरं, पण त्या प्रयोगशाळा केंद्र सरकारच्या समितीकडे नोंदणी असलेल्या पैदासकाराकडूनच जनावर घेतात. कंपनीला ते नोंदणीपत्र मागा. तिसरं उत्तर, हॉटेलात मांसाला मागणी आहे. मग कत्तल कुठे होते, त्या जागेला अन्नसुरक्षेचा परवाना कुठला आहे, कोणत्या हॉटेलात माल जातो, हे विचारा. त्या हॉटेलात स्वतः जाऊन खात्री करा.

तिन्ही ठिकाणी टोलवाटोलवी झाली, तर कंपनीचा धंदा ससे विकण्याचा नसून तुमच्यासारख्यांना युनिटं विकण्याचा आहे असं समजा. नवा शेतकरी पैसे भरतो तोवर जुन्याची पिल्लं उचलली जातात, भरती थांबली की फोन बंद. २०१९ साली कडकनाथ कोंबडीच्या नावावर सांगली-कोल्हापूरकडे अशाच योजनेत शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते तुम्ही वाचलं असेलच.

आता हिशेब करू. दहा माद्या, प्रत्येकीची वर्षाला पाच वेतं, वेताला सहा पिल्लं जगली असं धरा. वर्षाला तीनशे, महिन्याला पंचवीस. विकण्याजोगं दोन किलोचं वजन यायला तीन महिने लागतात, म्हणजे कुठल्याही दिवशी पाऊणशे पिल्लं तुमच्या दारात खात उभी असणार. कंपनीने एका महिन्याचा माल उचलला नाही की शंभर. पिंजरे तेवढेच, आणि तीन महिन्यांचे नर एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांचे वृषण फाडेपर्यंत भांडतात. हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

खरंच करायचं असेल तर तीन माद्या आणि एक नर घ्या. नर वेगळ्या ठिकाणाहून आणा, त्याच घरातले बहीण-भाऊ नकोत. पाच-सहा महिन्यांचं वय झाल्याशिवाय मादी भरवू नका, म्हणजे गाभण राहण्यासाठी नराकडे नेऊ नका. प्रत्येक पिंजऱ्याला पुठ्ठ्याचं कार्ड टांगा : कुठल्या नराला दाखवली, कधी व्यायली, किती जगली, कुणाला दिली. ‘कुणाला दिली’ हा रकाना मी मादी भरवण्याआधी भरते. सहा गिऱ्हाइकांची नावं पेन्सिलीने लिहिता आली नाहीत तर मादी नराकडे जात नाही. वर्षाला तीन, फार तर चार वेतं. आणि तीन-चार वर्षांनी मादी थकल्यावर तिला घरी सांभाळणार की खाटकाला देणार, हेही आजच ठरवा. मी दोन्ही प्रकारचे पाळणारे पाहिलेत आणि दोघांनाही नावं ठेवत नाही; काहीच न ठरवता तिला कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात कुजत ठेवणाऱ्याला मात्र ठेवते.

प्रश्न : माझी मादी पहिल्यांदाच व्यायली. सात पिल्लं आहेत. ती दिवसभर त्यांच्याकडे फिरकत नाही, पेटीबाहेर बसून राहते. मी ड्रॉपरने गाईचं दूध पाजतेय. तरी दोन मेली. तिने पिल्लं टाकली का? – एक वाचक, कराड

ताई, ड्रॉपर आधी बाजूला ठेवा. मादीने पिल्लं टाकलेली नसावीत, ती तिच्या जातीप्रमाणे वागते आहे. सशाची मादी चोवीस तासांत बहुतेक एकदाच पाजते, तेही रात्री किंवा पहाटे, आणि तीन ते पाच मिनिटांत उरकते. बाकीचा वेळ ती मुद्दाम लांब राहते, कारण रानात आईच्या वासावर शिकारी बिळापर्यंत येतो. एवढ्यात भागतं कसं? तिचं दूध भलतंच घट्ट असतं. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास, हिच्या दुधात त्याच्या तिप्पट. त्यामुळे तुमच्या ड्रॉपरने पोट भरल्यासारखं दिसतं, पण पोषण होत नाही. शिवाय दूध नाकात गेलं की पिल्लू फुफ्फुस बिघडून जातं. तुमची दोन त्यानेच गेली असं पत्रावरून मी म्हणणार नाही, पण शक्यता आहे.

सकाळी हात धुऊन, तिच्याच लेंड्या-गवतावर चोळून, एकेक पिल्लू उचला आणि पोट बघा. टम्म, गोल आणि कातडी ताणलेली असेल तर रात्री पाजलंय. कातडीला सुरकुत्या आणि पोट आत गेलेलं असेल तर नाही. माणसाचा हात लागला की मादी पिल्लं टाकते हा समज पाळीव सशाला लागू नाही. मेलेलं पिल्लू मात्र लगेच काढा. सगळीच उपाशी दिसली, तर मादीला उचलून पेटीत ठेवा आणि पाच-सात मिनिटं हाताने हलकं धरून ठेवा. दिवसातून एकदा, दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक माद्या वळणावर येतात.

पेटी दीड फूट लांब आणि एक फूट रुंद पुरे. मोठी पेटी चांगली असं वाटतं, पण तिच्यात पिल्लं पांगतात आणि गारठून मरतात. भरवल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी वाळलेलं गवत घालून पेटी आत ठेवायची. तिसाव्या ते बत्तिसाव्या दिवसात ती विते. विण्याच्या आधी ती स्वतःच्या छातीपोटाचे केस उपटून गादी करते. पहिलटकरीण कधी कधी केस कमी उपटते, तेव्हा तिच्याच पोटाचे सैल केस काढून घाला. त्या रात्री पाण्याचं भांडं रिकामं राहता कामा नये. तहान, कुत्र्याचं भुंकणं, फटाके यांनी बिथरून मादी पिल्लं खाल्ल्याची उदाहरणं आहेत.

आणखी एक युक्ती पुढच्या वेळेसाठी. दोन माद्या एकाच दिवशी भरवा. एकीला दहा झाली आणि दुसरीला चार, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत इकडची तिकडे करता येतात. आई तक्रार करत नाही. मादीला सड बहुधा आठ, त्यामुळे दहाव्या पिल्लाची तशीही ओढाताणच होते.

डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतील. तिसऱ्या आठवड्यात ती पेटीबाहेर येऊन आईचा चारा चघळू लागतील. सहा आठवड्यांपर्यंत आईपाशी राहू द्या आणि तोवर तिला नराजवळ नेऊ नका. विल्याच्या दिवशीसुद्धा ती पुन्हा गाभण राहू शकते. राहू शकते म्हणून ठेवायची नसते.

प्रश्न : नर तगडा आहे, मादीवर चढतोही, पण एप्रिलपासून एकही मादी गाभण नाही. ताकदीचं इंजेक्शन द्यावं का? पत्र्याची शेड आहे. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि खानदेशात मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं हे मी सांगायला नको. उन्हाच्या तडाख्याने नराचं वीर्य निकामी होतं, पण इच्छा जात नाही. म्हणून चढतो, आणि फळ नाही. ऊन उतरल्यावरही वीर्य पूर्ववत व्हायला दोन महिने लागतात. इंजेक्शनवर पैसे घालवू नका.

मी मार्चच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत माद्या भरवतच नाही. गाभण मादी मेच्या उन्हात दगावते, तो धोका कशाला? पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याचा जाड थर टाका, वरून चुना मारा. पश्चिमेला ओलं गोणपाट सोडा. पिंजऱ्यात शाहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, दुपारी ससा त्यावर पोट टेकून पडतो. गोठवलेल्या पाण्याची बाटलीही चालते. धापा टाकणाऱ्या सशावर बादलीभर गार पाणी ओतू नका, त्या धक्क्यानेच तो जाईल. कान ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वारा द्या.

पावसाळ्यात पुन्हा सुरू कराल तेव्हा मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. नर तिच्याकडे नेला तर ती आपली जागा राखायला त्यालाच चावते. शेळीसारखी माजाची वाट बघायची नाही. सशात बीज संयोगानंतर सुमारे दहा तासांनी सुटतं. बाराव्या-चौदाव्या दिवशी जाणकाराकडून पोट चाचपून घ्या.

प्रश्न : कानात खपल्या, सारखं खाजवतात. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध घरात आहे, ते चालेल? – एक वाचक, नगर

अजिबात नाही. त्यातल्या पुष्कळ औषधांत फिप्रोनिल असतं आणि ते सशाला विषारी आहे. खपल्या नखाने काढू नका, खाली कातडी सोलवटलेली असते. ही कानातली खरूज आहे. दवाखान्यात वजन करून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या तारखेला दुसरा डोस चुकवू नका. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक आठवण : सशाला तोंडावाटे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन द्यायचं नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि हगवणीने ससा जातो.

प्रश्न : मी सातवीत आहे. वाढदिवसाला दोन ससे आणले. दुकानदार म्हणाला, दोन्ही मुली आहेत. आता सहा बाळं झाली! बाबा म्हणतात, टेकडीवर सोडून देऊ, तिथे गवत आहे. – एक वाचक, पुणे

बाळ, लहानपणी सशांचे नर-मादी ओळखणं अवघडच असतं. त्यामुळे दुकानदाराला तरी ते नक्की ठाऊक होतं का, कोण जाणे. आजचं काम एकच : बाबा सशाला आज, हे पत्र वाचताच, दुसऱ्या पिंजऱ्यात ठेव. आई कदाचित पुन्हा गाभण असेल, म्हणून महिनाभर तिच्यावर लक्ष ठेव आणि पेटी तयार ठेव.

टेकडीवर सोडायचं नाही, असं बाबांना माझ्या नावाने सांग. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथल्या कुत्र्यांना आणि मुंगसांना लांबूनही दिसतो. जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाही आहे. बाळं आठ आठवड्यांची झाली की ओळखीच्या घरी द्या, आणि एका घरात एक मुलगा एक मुलगी अशी जोडी देऊ नका. घेणाऱ्याला सांग : मुख्य जेवण गवत, गाजर खाऊसारखं, छोटा तुकडा. दात आयुष्यभर वाढतात, ते गवतानेच झिजतात. उरलेल्या भावांना तीन महिन्यांच्या आत आई-बहिणींपासून वेगळं कर.

पुण्यात सशांवर शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य मिळतात. बाबा सशाचं खच्चीकरण करून घ्या. त्यानंतरही महिना-दीड महिना त्याला आईपासून लांबच ठेवायचं, कारण तोवर बाळं होऊ शकतात.

प्रश्न : ऊसतोडीत रानसशाची दोन पिल्लं सापडली. वाढवून माझ्या पांढऱ्या माद्यांवर सोडली तर काटक जात तयार होईल का? – एक वाचक, माळशिरस

होणार नाही. आपला रानससा आणि पिंजऱ्यातला ससा या निरनिराळ्या प्रजाती आहेत, त्यांचा संकर होत नाही. फरक तुमच्या डोळ्यांसमोरच आहे : रानसशाची पिल्लं जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, तुमच्या मादीची उघडी आणि आंधळी. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानससा घरात ठेवणं गुन्हा आहे. पिल्लं धडधाकट असतील तर सापडली त्याच फडाच्या बांधाला, आडोशाला आज संध्याकाळी ठेवा आणि माणसं-कुत्री लांब ठेवा. त्यांची आई अंधारात पाजायला येते. जखमी असतील तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.