वाचकांचे प्रश्न : सर्व्हो घूं घूं करतोय आणि बोअर गोल येत नाही

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर) : नमस्कार सर, आमच्याकडे एक जुनं डीसी सर्व्होवालं (म्हणजे पोझिशन मोजत चालणाऱ्या डीसी मोटरींचं) व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, आहे. ड्राइव्ह गेले, स्पेअर मिळेना, म्हणून कंट्रोलर, मोटरी, ड्राइव्ह सगळं बदलून एसी सर्व्हो बसवले. आता टेबल नुसतं उभं असलं तरी वाय ॲक्सिस घूं घूं करतो. गेन (पोझिशनची चूक सुधारायला मोटर किती जोराने धावते तो आकडा) कमी केला की आवाज जातो, पण मग रॅपिडला (कटिंग नसताना वेगाने सरकताना) फॉलोइंग एररचा (टेबल कमांडच्या फार मागे राहिल्याचा) अलार्म येतो आणि ५० चा बोअर १००० फीडने (मिनिटाला १००० एमएम) इंटरपोलेट करून (एक्स-वाय एकत्र चालवून) मारला तर तिरक्यात ०.२ एमएम ओव्हल येतो. सध्या पोझिशन गेन एक्सला ३० आणि वायला २५ आहे, फीडफॉरवर्ड (कमांडचा वेग ड्राइव्हला आधीच कळवणं) बंद. ऑटोट्यून (ड्राइव्हने स्वतःच गेन ठरवणं) करून बघितलं पण दरवेळी आकडे वेगळेच येतात. काय करू?

उत्तर : ओव्हलचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, एक्स ३० आणि वाय २५. दोन ॲक्सिसनी मिळून गोल काढायचा तर दोघांचा पोझिशन गेन सारखाच पाहिजे, तिथे तडजोड नाही. हिशोब बघा, फीडला गेनने भागलं की टेबल कमांडच्या किती मागे चालतंय ते कळतं. १००० फीड म्हणजे सेकंदाला १६.७ एमएम, तर एक्स ०.५६ मागे आणि वाय ०.६७ मागे. मागे चालण्यात वाईट काही नाही, फीडफॉरवर्ड नसेल तर प्रत्येक मशीन मागेच चालतं, पण दोघं वेगवेगळे मागे राहिले की गोल कर्णात ताणला जातो. तुमच्या आकड्यांनी ४५ आणि १३५ डिग्रीच्या व्यासात साधारण ०.२२ एमएम फरक निघतो, तुम्ही मोजलाय ०.२. आणि बोअर ५० चा असो की १०० चा, फीड तोच असेल तर हा फरक तेवढाच राहतो.

तरी खात्री करून घ्याच, कारण एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात नसले तरीही असाच तिरका ओव्हल येतो. एक बोअर जी०२ ने (घड्याळाच्या दिशेने) मारा, दुसरा जी०३ ने (उलट दिशेने), आणि दोन्ही कर्णांत बोअर गेज लावा. दिशा बदलल्यावर लांबट बाजू ४५ वरून १३५ वर गेली तर दोष सर्व्होचा, जागची हलली नाही तर काटकोनाचा. फीड अर्धा केला की सर्व्होचा ओव्हलही अर्धा होतो, काटकोनाचा तसाच राहतो. ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते रेट्रोफिट झालेल्या (जुन्यावर नवे कंट्रोलर, मोटरी बसवलेल्या) प्रत्येक मशीनवर पहिल्या दिवशी झालीच पाहिजे, पण होत नाही, लोक डायलने एकेक ॲक्सिस बघतात आणि मशीन ओके म्हणून सोडतात.

आज जॉब काढायचा असेल तर एक्सपण २५ करा. बोअर व्यासात थोडा लहान येईल, तेवढं ऑफसेटमध्ये घ्या, पण गोल येईल.

आता घूं घूं. हा बहुतेक गेनचा आजार नाही, ढिलाईचा आहे, आणि तुम्ही गेन कमी करून तो फक्त झाकलाय. कपलिंग, थ्रस्ट बेअरिंग नाहीतर बॉल नट, ह्यात कुठेतरी प्ले असला की उभं असताना मोटर त्या प्लेच्या आतच मोकळी हलते, टेबलचं वजन तिला जाणवतच नाही. ड्राइव्हला मात्र समजा इनर्शिया रेशो (मोटरच्या मानाने टेबलचं ओझं किती पट) ३ दिलाय, म्हणजे तो मोटर अधिक टेबल असं चौपट ओझं हलवायच्या हिशोबाने करंट देत बसतो, तेवढ्या जोरात मोकळी मोटर मग थरथरणारच. ऑटोट्यूनचे आकडे बदलतात तेही बहुतेक ह्यामुळेच, शिवाय सकाळी स्लाइड कोरडी आणि दुपारी तेल पोचलेलं असेल तर घर्षण बदलतं आणि त्यानेही इनर्शियाचा अंदाज चुकतो.

शोधायचं असं. टेबलला डायल लावा, एमपीजी (हाताने फिरवायचं पल्स चाक) ०.०१ वर ठेवा, एका दिशेला थोडं नेऊन मग उलटं फिरवा आणि काटा हलेपर्यंत किती क्लिक गेले ते मोजा. तीन क्लिक गेले तर ०.०३ प्ले आहे. मग बॉल स्क्रूच्या टोकाला जे सेंटरचं भोक असतं त्यात ग्रीस लावून स्टीलचा छर्रा बसवा, डायलचं टोक त्या छर्ऱ्यावर टेकवा आणि टेबल पुढेमागे जॉग करा. स्क्रूने जागच्या जागी फक्त फिरायला पाहिजे, काटा पुढेमागे गेला तर थ्रस्ट बेअरिंगचा लॉक नट सैल आहे नाहीतर बेअरिंग गेलंय. काटा स्थिर राहिला तर सर्व्हो ऑफ करून, मेन बंद करून कपलिंगचे क्लॅम्प बोल्ट तपासा, नवी मोटर बसवताना हेच अर्धवट आवळलेले राहतात. तेही घट्ट असतील तर नट. कंट्रोलरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन इथे कामाला येत नाही, ते कमांडमध्ये आकडा मिळवतं, थरथर थांबवत नाही.

प्ले काढल्यावरच ड्राइव्हला हात लावा, आणि आतून बाहेर या, म्हणजे आधी स्पीड लूप मग पोझिशन लूप. ड्राइव्ह डेल्टा कंपनीचा ए२ असेल तर पी१-३७ इनर्शिया रेशो, पी२-०४ स्पीड गेन, पी२-०६ स्पीडचं इंटिग्रल (साचलेली चूक भरून काढणारा भाग), पी२-०० पोझिशन गेन, दुसऱ्या कंपनीत नंबर वेगळे पण क्रम हाच. स्लाइड गरम करून, लुब्रिकेशन चालू ठेवून इनर्शिया परत काढा. इंटिग्रल कमी ठेवून स्पीड गेन आवाज येईपर्यंत वाढवा, तिथून पाव भाग मागे या, मग इंटिग्रल, आणि सगळ्यात शेवटी पोझिशन गेन. जो ॲक्सिस सगळ्यात कमी गेन पेलतो, बहुतेक वाय कारण खाली सॅडल, तोच आकडा दोघांना द्यायचा. एका ठरावीक स्वरात शिट्टीसारखा आवाज उरला तर नॉच फिल्टर (तेवढाच स्वर दाबणारं सेटिंग) वापरा, पण ढिलाई लपवायला नको.

रॅपिडच्या अलार्मचाही तोच हिशोब. १२ मीटर रॅपिड म्हणजे सेकंदाला २०० एमएम, २५ गेनला टेबल ८ एमएम मागे चालणार, आणि अलार्मची लिमिट ५ ठेवली असेल तर अलार्म येणारच. लिमिट हिशोबापेक्षा थोडी वर ठेवा, डोळे झाकून मोठी करू नका, कारण टेबल खरंच अडकलं तर तोच अलार्म तुमचा स्क्रू वाचवतो.

प्रश्न (अंबड, नाशिक) : रेट्रोफिटनंतर इमर्जन्सी दाबली की झेडचं हेड थोडं खाली सरकतं. ब्रेक खराब आहे का?

उत्तर : आधी हेडखाली लाकडाचा ठोकळा द्या, मग पुढचं वाचा. मोटरमधला ब्रेक हा धरून ठेवायचा असतो, त्याला लागायला थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात ड्राइव्हने टॉर्क सोडला की हेड सरकतं. सर्व्हो ऑफ झाल्यावरही ब्रेक लागेपर्यंत मोटर धरून राहील असा डिले ड्राइव्हमध्ये असतो, तो सेट करा. इमर्जन्सीला ड्राइव्हची पॉवरच लगेच तोडली असेल तर ह्या डिलेचा उपयोग नाही, ते वायरिंगही बघून घ्या. ब्रेकच्या कॉइलवर नुसता डायोड लावला असेल तर कॉइलचा करंट हळू मरतो आणि ब्रेक उशिरा लागतो, तिथे व्हॅरिस्टर लावा, आणि २४ व्होल्ट डीसी बाजूलाच तोडा. एवढं करूनही सरकलं तर मात्र ब्रेक झिजलाय, बदला.

प्रश्न (भोसरी, पुणे) : स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की एक्सची पोझिशन हळूहळू सरकते. ट्यूनिंग करावं लागेल का?

उत्तर : नाही, गेनला हात लावू नका. पल्स लाइनमध्ये नॉइज शिरतोय. पल्स ओपन कलेक्टरने (एकाच सिग्नल वायरने) दिल्या असतील तर डिफरन्शियलवर (उलटसुलट सिग्नलच्या दोन वायरींवर) या, केबल शील्डेड ट्विस्टेड पेअर घ्या, व्हीएफडीच्या मोटर केबलबरोबर एका ट्रेमधून नेऊ नका, आणि व्हीएफडी ते मोटर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा.