तिला विचारलं का, ते आधी बघ

प्रिय मुली,

तुझं टिपण काल रात्री दोनदा वाचलं. प्रेमकादंबऱ्यांवर, त्यातही ज्यांत शेजघराचं दार लोटलेलं नसतं अशा कादंबऱ्यांवर, मराठीत मोकळेपणानं लिहायचं तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. पण पहिलंच वाक्य खोडून टाक. "हे काही थोर साहित्य नाही, नुसता टाइमपास आहे, पण..." असं तू सुरू करतेस. अगं, दीडशे पुस्तकं वाचलीस तू. लोकलमध्ये उभ्यानं, ऑफिसातून दमून आल्यावर, रात्री जागून. ज्यावर एवढा जीव लावला त्याबद्दल बोलताना आधी माफी मागायची नाही.

तू मला मावशी म्हणतेस, तेव्हा मावशीच्या हक्कानं सविस्तर लिहिते.

डोंबिवलीत एका गाळ्यात मी अठ्ठावीस वर्षं वाचनालय चालवलं, तुला ठाऊक आहेच. तुझी आई तिथली सभासद. दाराशी मासिकं आणि दिवाळी अंक, मध्ये मराठी कादंबऱ्या, आणि पार मागच्या भिंतीला मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचं कपाट. त्या कपाटाकडे कुणी थेट जात नसे. आधी पाककृतींचं एखादं मासिक चाळायचं, मग सहज सरकल्यासारखं मागे जायचं. पुस्तकांची नावं इतकी एकसारखी की हे आपण वाचलंय का तेच कळत नसे. म्हणून प्रत्येकीची आपली एक खूण असायची. कुणाचं सत्ताविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब, कुणाची शेवटच्या पानावर आडवी रेघ, कुणी पृष्ठक्रमांकाभोवती गोल करायची. एकेका पुस्तकात अशा दहा-पंधरा खुणा सापडायच्या. या विषयावर एकमेकींशी अवाक्षर न बोललेल्या बायका त्या पानांवर शेजारी शेजारी बसलेल्या असत.

त्यातल्या एक बाई बँकेत कॅशियर होत्या. दर शनिवारी तीन पुस्तकं न्यायच्या. एकदा धीर करून मी विचारलं, तुम्हाला यात नेमकं काय आवडतं हो? पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालता घालता त्या म्हणाल्या, "यात शेवटी तो तिचं ऐकून घेतो." एवढंच. पिशवी उचलली आणि गेल्या.

पुढे मी जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचं १९८४ सालचं पुस्तक वाचलं. अमेरिकेतल्या एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून त्यांनी ते लिहिलं आहे. तिथल्या बायकाही हेच सांगत होत्या. वाचनाचा तास म्हणजे नवऱ्यामुलांच्या मागण्यांतून स्वतःसाठी काढून घेतलेला तास, आणि नायक कसा हवा, तर जपणारा. मला डोंबिवलीच्या कॅशियरबाई आठवल्या.

म्हणून तुला एकच कसोटी देते. तापलेला प्रसंग आला की तिथे तिला विचारलं का, तिनं उत्तर दिलं का, आणि उत्तर येईपर्यंत लेखिका थांबली का, ते आधी बघ. विचारणं म्हणजे तोंडानं परवानगी मागणंच असं नाही. हात मध्येच थांबतो, तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो, तीच पुढे होते. चांगल्या लेखिकेला याच्या शंभर तऱ्हा येतात. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांत काय बदललं ते बघ. काहीच बदललं नसेल तर ती चार पानं कितीही गरम असोत, भरताडच.

ही कसोटी मी कुठून काढली ते सांगते, कारण या प्रकाराचा इतिहास तुझ्या टिपणात कुठेच नाही. १९७२ साली अमेरिकेत 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कॅथलीन वुडीविस यांची जाडजूड कादंबरी थेट पेपरबॅकमध्ये आली आणि खूप खपली. तोवर बहुतेक प्रेमकथांत चुंबनानंतर दार बंद व्हायचं. इथे ते उघडं राहिलं. पण उघड्या दारातून काय दिसलं? नायक सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्ती करतो, आणि पुढे तोच तिचं प्रेम ठरतो. पुढची कित्येक वर्षं त्या वळणाची पुस्तकं येत राहिली. त्यामागचं एक कारण मला असं वाटतं की त्या काळी नायिकेनं "मला हवंय" म्हटलं असतं तर ती वाईट बाई ठरली असती. त्यानं जबरदस्ती केली म्हणजे इच्छेचा दोष तिच्याकडे नाही. हे समजून घे, पण त्यावर पांघरूण घालू नकोस. असं जुनं पुस्तक वाचलंस तर तुझ्या वाचकांना पहिल्या दोन ओळींतच सांग की यात जबरदस्ती आहे. कुणाला ते पान अचानक समोर आलेलं सोसणार नाही.

आता व्हॅम्पायर आणि लांडग्याचं रूप घेणारे नायक. तू लिहितेस की अलौकिक रोमान्स वाचताना बुद्धी बाजूला ठेवावी लागते. मला हे अजिबात पटत नाही. उलट बळाचा प्रश्न तिथे जितका उघडा मांडता येतो तितका कुठेच येत नाही. तीनशे वर्षं जगलेला, हातानं दार उपटणारा पुरुष आणि चोवीस वर्षांची मुलगी. दोघांतलं अंतर लपवायला जागाच नाही. मग त्या मुलीच्या होकाराला वजन कसं आणायचं, हे लेखिकेला सोडवावंच लागतं. नलिनी सिंग यांचं उदाहरण घे. जन्म फिजीचा, वाढल्या न्यूझीलंडमध्ये, वंश भारतीय. त्यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' २००६ साली आली. त्या जगात एक जमात लहानपणापासून भावना दाबून टाकायला शिकवते, आणि दुसरी, प्राण्यांची रूपं घेणारी, स्पर्शावाचून राहूच शकत नाही. पण या दुसऱ्यांतही कुणी कुणाला हात लावायचा हा हक्क असतो, आणि तो मिळवावा लागतो. नायिका पहिल्या जमातीतली, नायक दुसरीतला. त्यामुळे खांद्यावर हात ठेवणं हीसुद्धा तिथे घटना होते. शेजघरापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी ते पुस्तक तापतं. हे वाचायला बुद्धी बाजूला ठेवावी लागत नाही, जागी ठेवावी लागते.

या प्रकारातली खरी पळवाट वेगळी आहे. "नियतीनंच ठरवलेला जोडीदार." वास आला, कळलं, ही माझी. आपल्याकडे गाठी स्वर्गात बांधतात म्हणत किती मुलींना न विचारता बोहल्यावर उभं केलं, ते तुझ्या आजीला विचार. नियतीनं ठरवलं तरी तिनं ठरवायचं बाकी असतं. हे ज्या लेखिकेला कळतं ती शरीराचा होकार आधी दाखवते आणि मनाच्या होकारासाठी दोनशे पानं थांबते. तू ज्या मालिकेला पाच तारे दिलेस तिच्या दुसऱ्या भागात मला ते थांबणं दिसलं नाही. पुन्हा वाचून बघ. तुझं मत तरी तेच राहिलं तर तेच लिही.

आजच्या काळातल्या, माणसांच्या कादंबऱ्यांबाबत मात्र तू फार सैल सोडतेस. तुझा तो अब्जाधीश बॉस तिच्या फोनवरून ती कुठे आहे ते बघतो, न विचारता तिचं घरभाडं भरतो, आणि तू लिहितेस "पझेसिव्ह आहे, पण क्यूट." त्याला सुळे नाहीत म्हणून तुला भीती वाटली नाही, एवढंच. पगार त्याच्या हातात आहे. ती नाही म्हणाली तर सोमवारी ऑफिसात काय होईल, हा प्रश्न पुस्तकानं एकदाही विचारला नसेल तर तू विचार. त्याच्या शेजारी हेलन होआंग यांचं २०१८ सालचं 'द किस कोशंट' ठेव. ऑटिझम असलेली, आकडेमोडीत हुशार नायिका स्वतः पैसे देऊन एका पुरुषाकडून जवळीक शिकायला जाते, धड्यांची यादी करून. ती आखडली की तो थांबतो. पैसे तिचे, यादी तिची, आणि तरी सगळ्यात घाबरलेली तीच. ही गुंतागुंत मला फार मोलाची वाटली.

"शेवट आधीच कळतो" ही तक्रार काढून टाक. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच गोष्टी मागते, मध्यभागी प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशा ठेवणारा शेवट. कीर्तनात सीतास्वयंवर लागलं की धनुष्य कोण मोडणार हे सगळ्या देवळाला माहीत असतं. तरी कुणी उठून जात नाही.

भाषेबद्दल तू घाबरून विचारलंस. खरंच आहे, शरीराबद्दल लिहायला बसलं की हाताशी एकतर दवाखान्यातले शब्द येतात, नाहीतर शिव्या. पण आपण पहिल्याच नव्हे. हाल राजाची गाथासप्तशती, छोट्या कवितांचा तो जुना संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्याच भाषेच्या पणजीची. त्यातल्या कितीतरी गाथांत बाईच बोलते, इच्छा सांगते, गोदाकाठच्या झाडीत भेटायचं सुचवते, आणि शब्द सगळे घरातले, शेतातले. ती एकदा हाताखालून घाल. आणि धास्तीचं म्हणशील तर १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. १९६९ साली ती कथा अश्लील नाही असा निकाल लागला. काकोडकरांच्या कादंबऱ्या माझ्याकडे पुठ्ठा सुटेपर्यंत फिरल्या. स्पायसी (म्हणजे तापलेल्या प्रसंगांचं), स्लो बर्न (म्हणजे प्रेम हळूहळू पेटणारं) हे शब्द तुझे मैत्रिणींशी बोलण्यातले आहेत, तेही खुशाल वापर. फक्त "तसला सीन" असं लिहू नकोस. प्रसंग म्हण, आणि त्यात काय घडतं ते सांग.

स्वतःच्या नावानं लिहायचं की टोपणनावानं, हे तुझं तू ठरव. ऑफिसात त्रास होईल असं वाटत असेल तर टोपणनाव घे, त्यात कमीपणा नाही.

टिपणाचा तिसरा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेव. पावसात अडकलेल्या त्या दोघांत ती त्याच्या ओल्या बाहीचं बटण काढते आणि थांबते, तो काहीच बोलत नाही, मग ती दुसरं काढते, हे तू जिथे लिहिलंयस तो. तिथून सुरुवात कर. नवा खर्डा झाला की पाठव, रविवारी मी घरीच आहे.

तुझी,
वाचनालयवाली मावशी