पश्चिमेचं ऊन, चुन्याचा गिलावा, लाकडी फळ्या: घराच्या बाह्यरूपाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नव्या घराच्या पश्चिमेला मोठी काच हवी आहे. आर्किटेक्ट 60 सेंटिमीटरचा छज्जा पुरेल म्हणतात. ऊन अडेल का?

नाही अडणार. छज्जा उपयोगी पडतो तो सूर्य डोक्यावर असताना. सूर्य क्षितिजापासून 60 अंशांवर असेल तर 1.2 मीटर उंचीच्या खिडकीला पूर्ण सावली द्यायला सुमारे 70 सेंटिमीटर छज्जा लागतो. पश्चिमेला खरा त्रास दुपार कलल्यावर असतो. सूर्य 30 अंशांवर उतरला की त्याच खिडकीसाठी छज्जा 2 मीटरच्या वर काढावा लागेल, आणि तसं कोणी करत नाही.

उपाय हा की एका मोठ्या छज्ज्याचं काम अनेक छोट्या पट्ट्यांवर वाटून द्यायचं. काचेच्या बाहेर चौकटीत आडव्या पट्ट्या बसवा. पट्टी 100 मिलिमीटर रुंद असेल तर दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा 58 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे 30 अंशांपर्यंतचं ऊन थेट आत येत नाही. पट्टी दुप्पट रुंद केली तर फटही दुप्पट चालते आणि बाहेरचं दृश्य जास्त मोकळं दिसतं. पट्ट्यांची बाहेरची कड थोडी खाली झुकवली की याहून उतरतं ऊनही अडतं. हल्ली भिंतीला काटकोनात उभ्या पट्ट्या लावण्याची आवड दिसते. दिसतात सुंदर, पण सूर्य नेमका समोर आला की ऊन फटींतून सरळ आत शिरतं. उभ्याच हव्या असतील तर त्या एका बाजूला वळवून बसवा.

पट्ट्या बाहेरच हव्यात, यावर आम्ही ठाम आहोत. काचेतून आत आलेलं ऊन आतल्या पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. चौकट भिंतीपासून 100 ते 150 मिलिमीटर पुढे ठेवा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाईल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या; साध्या स्क्रूंच्या गंजाचे ओघळ भिंतीवरून निघत नाहीत. आणि चौकटीला बिजागरी ठेवायला विसरू नका, नाहीतर काच पुसणार कशी?

खरं तर पहिला प्रश्न काच किती मोठी हवी, हा आहे. पश्चिमेची काच निम्म्यावर आणली तर त्या काचेतून येणारी उष्णताही निम्म्यावर येते, तीही कसल्याही यंत्राविना.

प्रश्न: जुन्या विटांच्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला आणि पंधरवड्यात वर ॲक्रिलिक रंग दिला. 2 महिन्यांत रंगाला फुगवटे आले. खरवडलं तर खाली पांढरी पूड. चुना खराब होता का?

चुन्याला दोष देण्याआधी भिजवणी आठवा. साधा विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. उन्हावाऱ्याने गिलावा दोन दिवसांत खडखडीत वाळला तर ही क्रिया थांबते आणि उरते ती पूड. वेगही फार मंद असतो, ढोबळ हिशेबाने महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. पंधरवड्यात ॲक्रिलिक दिलात तेव्हा गिलावा कच्चा होता. वरच्या प्लास्टिकसारख्या थराने हवा अडवली, भिंतीतली ओल बाहेर पडेना, मग ती रंगाला फुगवू लागली.

आता सगळा रंग खरवडून काढा. नंतर गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपर्यंत उतरवा. वरवर पूड असेल तिथे मऊ ब्रशने झाडून पाण्याचा बारीक फवारा मारा आणि दुधाइतकी पातळ चुन्याची सफेदी द्या. रोज एक याप्रमाणे 4 ते 5 हात, प्रत्येक वेळी भिंत आधी दमट करून. जाड हात दिलात तर पापुद्रे सुटतील.

नवा गिलावा करताना 1 घमेलं चुन्याला 3 घमेली चाळलेली, धुतलेली, कणीदार वाळू घ्या. वाळूत माती असेल तर भेगा पडतात. आदल्या दिवशी भिंत पाण्याने भिजवा. पहिला थर 10 मिलिमीटर, त्यावर ओरखडे. निदान आठवडाभराने दुसरा, 6 ते 8 मिलिमीटरचा. ओलं गोणपाट भिंतीसमोर टांगून आठवडाभर दिवसातून 2 ते 3 वेळा फवारा द्या. गवंडी गिलावा लवकर धरावा म्हणून गुपचूप सिमेंट टाकतात, ते टाकू देऊ नका. मऊ विटेवर कडक थर बसला की ओल विटेतूनच बाहेर पडू बघते आणि विटेला लोणा लागतो.

रंग हवाच असेल तर सिलिकेटचा खनिज रंग चालेल. तो चुन्याशी एकजीव होतो आणि वाफ अडवत नाही.

प्रश्न: दर्शनी भिंतीच्या लाकडी फळ्या खालून काळ्या पडून वाकल्या. पुन्हा पॉलिश करावं का?

पॉलिशने आजार झाकला जाईल, बरा होणार नाही. फळ्या थेट भिंतीला ठोकल्या असतील तर मागे शिरलेलं पाणी वाळायला वाव नाही. फळ्या काढा आणि भिंतीवर 25 मिलिमीटर जाडीच्या उभ्या पट्ट्या मारून त्यावर आडव्या बसवा. फळ्या उभ्या हव्या असतील तर उभ्या पट्ट्यांवर आणखी आडव्या पट्ट्या लागतील, नाहीतर हवा खालून वर जाणार नाही. वर-खाली फट मोकळी ठेवून कीटकांसाठी जाळी लावा. सर्वांत खालची फळी जमिनीपासून 200 मिलिमीटर वर असू द्या, कारण काळेपणा बहुधा पावसाच्या शिंतोड्यांचा असतो. कापलेल्या टोकांना तेल किंवा सीलर पाजा. लाकूड पाणी सर्वांत जास्त तिथूनच ओढतं.

बांबूच्या पट्ट्यांचं तर आणखी सांभाळा. कीड लागू नये म्हणून बांबूला दिलेली बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया पाण्यात विरघळते. पाऊस थेट लागत असेल तर ती धुऊन जाते आणि बांबूला कीड लागते. प्रक्रिया केलेला बांबू खोल छज्ज्याखालीच वापरा.

प्रश्न: भिंतींना गडद राखाडी रंग आवडतो. चालेल?

उत्तरेच्या किंवा कायम सावलीतल्या भिंतीला खुशाल द्या. उन्हातल्या भिंतीला आणि गच्चीला नको. पांढरा रंग 80 टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो, काळा जेमतेम 5 टक्के.