डोळा रुळांच्या पातळीवर : लेआउट आणि इंजिनांची छायाचित्रे काढण्याविषयी व दाखवण्याविषयी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. दोन वर्षे खपून उभा केलेला मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा लेआउट, म्हणजे रूळ, स्थानक आणि परिसराचा छोटा देखावा, प्रत्यक्ष पाहताना जिवंत वाटतो, मग फोनने काढलेल्या छायाचित्रांत तो टेबलावर मांडलेल्या खेळण्यांसारखा का दिसतो, ही पहिली. निम्म्या भागात अजून उघडे प्लायवूड दिसत असताना ही छायाचित्रे या छंदातल्या इतरांना दाखवणे योग्य होईल का, ही दुसरी. आपण सोबत दिलेली तिन्ही छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. स्थानक, दोन फलाट, मालधक्का आणि त्या निळ्या डिझेल इंजिनाचे रंगकाम मनापासून केलेले आहे. उणीव कामात नसून कॅमेरा जिथे धरला होता त्या जागेत आहे.

खरी आगगाडी आपण बहुधा फलाटावर किंवा रुळांच्या कडेला उभे राहून पाहतो, म्हणजे आपला डोळा जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उंचीवर असतो. एचओ स्केल 1:87 असल्यामुळे, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या 87 व्या भागाएवढी असल्यामुळे, तीच उंची लेआउटवर साधारण 18 मिलिमीटर भरते, आणि एन स्केलमध्ये, म्हणजे 1:160 मध्ये, ती जेमतेम 10 मिलिमीटर उरते. आपली छायाचित्रे लेआउटच्या अर्धा मीटर वरून घेतलेली दिसतात. स्केलच्या हिशेबाने ही उंची 43 मीटरच्या पुढे जाते, आणि चौदा मजली इमारतीच्या गच्चीवरून स्थानकाकडे पाहिल्यावर जसे दिसेल तसे ते दिसते. एवढ्या उंचीवरून डब्यांची छपरे, फलाटांची पाठ आणि टेबलाची कड तेवढी नजरेत भरते. चाके, बोगी (डब्याखालची चाकांची चौकट), खडी, रुळांच्या बाजूंना दिलेला गंजाचा रंग, म्हणजे ज्यांवर आपण सर्वाधिक रात्री घालवल्या असतील त्या गोष्टी, दिसतच नाहीत.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा बदल एवढाच करा की कॅमेऱ्याचा डोळा रुळांच्या जवळ आणा. फोनमुळे हे काम मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोपे होते. फोनचे भिंग वरच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे फोन उलटा करून थेट रुळांवर किंवा फलाटावर टेकवला की ते भिंग आपोआप माणसाच्या डोळ्याच्या उंचीला येते. कव्हर काढून ठेवा, मागे लाकडाचा छोटा ठोकळा आधाराला लावा, आणि टायमर वापरा, म्हणजे बोटाच्या दाबाने फोन हलणार नाही. रुळांवर काही टेकवताना लेआउटचा वीजपुरवठा बंद ठेवावा, कारण फोनची धातूची कड दोन्ही रुळांना टेकली तर शॉर्ट सर्किट होते. मोठा कॅमेरा जिथे मावत नाही तिथे लहान आरसा तिरका ठेवून त्यातील प्रतिबिंब टिपता येते. मात्र ते चित्र नंतर आडवे उलटवावे लागते, नाहीतर इंजिनावरचे क्रमांक उलटे वाचले जातात.

कॅमेरा खाली आणला की लगेच दुसरी अडचण समोर येते. इंजिनाचे तोंड स्पष्ट दिसते आणि तिसऱ्या डब्यापासून पुढचे सगळे धूसर होते. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खऱ्या इंजिनापासून 10 मीटरवर उभे राहून छायाचित्र घेतले तर साध्या भिंगानेही पुढच्या बफरपासून मागच्या डोंगरापर्यंत बहुतेक सर्व स्पष्ट येते. एचओमध्ये तेच 10 मीटर अंतर साडेअकरा सेंटीमीटर होते, आणि इतक्या जवळून कोणतेही भिंग फार उथळ पट्टाच स्पष्ट दाखवू शकते. आपल्या डोळ्यांना ही उथळ स्पष्टता जवळच्या, हातात मावणाऱ्या वस्तूंची खूण म्हणून ठाऊक असते. त्यामुळे बारकावे कितीही बिनचूक असले तरी मागचा भाग धूसर होताच मन त्या वस्तूला छोटी ठरवून मोकळे होते.

यावर उपाय दोन आहेत. ज्यांच्याकडे भिंगाचे छिद्र बदलता येणारा कॅमेरा आहे त्यांनी एफ/16 च्या आसपास जावे (हा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान आणि स्पष्टता खोल), कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा वाळूच्या पिशवीवर पक्का बसवावा आणि उघडीप (प्रकाश आत घेण्याचा वेळ) कितीही सेकंदांची लागली तरी लागू द्यावी, कारण आपली गाडी आपण सांगू तितका वेळ उभी राहणार आहे. एफ/22 च्या पलीकडे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, संपूर्ण चित्रच थोडे मऊ पडते, म्हणून छिद्र लहान करत राहण्याला मर्यादा आहे. दुसरा उपाय फोकस स्टॅकिंगचा. कॅमेरा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत आठ-दहा किंवा गरजेनुसार वीस चित्रे घ्यायची, आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर यांसारख्या प्रणालीने प्रत्येक चित्रातील स्पष्ट भाग जोडून एक चित्र करायचे. यात उघडीप आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार केलेली रंगांची जुळवणी) स्वयंचलित ठेवू नयेत, अन्यथा जोडलेल्या पट्ट्यांचे रंग वेगवेगळे येतात. सिग्नलचे खांब, तारा आणि झाडांच्या फांद्या यांच्या कडांवर जोडकामात पांढरट वलय राहते. तेवढे हाताने दुरुस्त करावे लागते. फोनचा सेन्सर छोटा असल्यामुळे त्याची स्पष्टता मुळातच खोल असते, म्हणून सुरुवातीला स्टॅकिंगच्या मागे न लागता थोडे मागे सरून, इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्यावर फोकस धरून पाहावे. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच भागते.

प्रकाशाबाबत माझे मत ठाम आहे : फ्लॅश बंद करा. आपल्या दुसऱ्या चित्रात स्थानकामागच्या आकाशावर स्थानकाचीच सावली पडली आहे, आणि आकाशावर सावली पडलेली कुणी कधी पाहिलेली नसते. तिसऱ्या चित्रात प्रत्येक खांबाला तीन-तीन सावल्या आहेत, कारण छतावर तीन दिवे आहेत. सूर्य एकच असतो, म्हणून मुख्य दिवाही एकच असावा, तो शक्य तितका दूर आणि उंच असावा, आणि बाकीचा उजेड पांढऱ्या पुठ्ठ्यावरून परतवून घ्यावा. दिवा जवळ ठेवला की अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश झपाट्याने घटतो, आणि गाडीचा पुढचा डबा उन्हात तर मागचा संध्याकाळी असल्यासारखा दिसतो. एलईडी दिवे वापरत असाल तर चित्रात आडवे काळे पट्टे येऊ शकतात. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असेल तिथे 1/50 सेकंद किंवा त्याहून संथ शटर ठेवल्यास ते सहसा जातात; 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 धरावे. पिवळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची सरमिसळ मात्र कोणत्याही व्हाइट बॅलन्सला पूर्ण निस्तरता येत नाही, तेव्हा ती टाळावी.

शटर दाबण्याआधी एकदा शांतपणे दृश्य न्याहाळा. मऊ ब्रशने छपरांवरची धूळ काढा, प्रत्येक चाक रुळावर नीट बसले आहे का ते पाहा, कललेली वाघीण सरळ करा. 18 मिलिमीटरच्या उंचीवरून धुळीचा एक तंतू दोरखंडाएवढा दिसतो.

एकट्या इंजिनाचे चित्र काढण्याची रीत थोडी वेगळी आहे, आणि वाफेच्या काळ्या इंजिनाच्या बाबतीत ती विशेष नाजूक आहे. चौकटीत काळे अधिक असले की कॅमेरा त्याला करडे करू पाहतो, त्यामुळे बॉयलर फिका पडतो आणि आकाश पांढरे जळून जाते. उघडीप अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी केली तर काळा रंग काळाच राहतो. पण मग चाकांच्या मागचा सगळा तपशील अंधारात बुडतो, म्हणून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, रुळांच्या पातळीला पांढऱ्या कागदाची लांब पट्टी टेकवून खालून थोडा उजेड चाकांवर परतवावा. चाकांना जोडणारे दांडे खालच्या स्थितीत आणून ठेवावेत. खऱ्या इंजिनांचे छायाचित्रकारही ही स्थिती पसंत करतात, कारण त्यात चाकांचे आरे आणि मागची चौकट मोकळी दिसते. पुढचा दिवा लावलेला दाखवायचा असेल तर डिकोडरमधून (इंजिनातले नियंत्रणाचे छोटे सर्किट) त्याची तीव्रता कमी करावी, अन्यथा त्या जागी नुसता पांढरा डाग उरतो.

आता दाखवण्याविषयी. सुंदर चित्राखाली केवळ 'माझे नवे इंजिन' एवढेच लिहिलेले असले की मला हळहळ वाटते, कारण पाहणाऱ्याला आनंद मिळतो पण हाती काही लागत नाही. स्केल आणि गेज (दोन रुळांमधले अंतर) कोणते, मूळ इंजिन कोणत्या रेल्वेचे व कोणत्या काळातले, मॉडेल तयार मिळालेले की संचातून जोडलेले, त्यात आपण काय बदलले, गंज आणि काजळी कशाने दिली, खडी कोणत्या गोंदाने बसवली, यांतले जे ठाऊक असेल ते चार-पाच वाक्यांत लिहावे. एचओ आणि ओओ दोन्ही 16.5 मिलिमीटर गेजच्या रुळांवर चालतात पण ओओचे स्केल 1:76 आहे; नुसते रूळ पाहून अंदाज करणारा वाचक चुकू शकतो आणि त्या चुकीवर स्वतःची खरेदी ठरवू शकतो. जवळून घेतलेल्या चित्रांबरोबर संपूर्ण लेआउटचे एक दूरचे चित्र आणि रुळांचा हाताने काढलेला आराखडा जोडला तर ते वळण कुठून आले आणि बोगद्यातून गाडी कुठे निघते हे समजते, आणि पाहणारा मनातल्या मनात ती गाडी चालवू लागतो.

संगणकावर केलेल्या बदलांविषयी मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. उजेड, रंग आणि धुळीचे ठिपके सुधारले तर ते सांगत बसत नाही. पण धूर, आकाश किंवा पार्श्वभूमी नंतर घातली असेल तर तसे स्पष्ट लिहितो. एखाद्या उत्पादनाविषयी मत देताना तर सांध्यातली फट किंवा रंगाचा ओघळ पुसून टाकणे मला अयोग्य वाटते, कारण कुणीतरी त्या चित्रावर विसंबून पैसे खर्च करणार असतो. लेआउट दुसऱ्याचा असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि मालकाच्या इच्छेप्रमाणे त्याचा उल्लेख करावा किंवा टाळावा. आणखी एक खबरदारी प्रत्येकाने घ्यावी : फोन चित्राच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद साठवतो, आणि महागड्या संग्रहाच्या चित्रासोबत घराचा ठावठिकाणा जाहीर होणे धोक्याचे आहे. ती नोंद काढून, लांब बाजू 2000 पिक्सेलच्या आसपास ठेवून जेपेग प्रत द्यावी, आणि मूळ फाइल स्वतःकडे जपावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध 'हो' असे आहे. अपुऱ्या कामाची चित्रे दाखवावीत, आणि बिघाडांचीही दाखवावीत. काही वर्षांपूर्वी माझे एक इंजिन एकाच सांध्यावर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, पुन्हा पुन्हा रुळांवरून घसरत असे. मी चाकांमधले अंतर मोजले, सांध्याची जीभ घासली, वेग कमी केला, तरी कारण सापडेना. शेवटी रुळांना डोळा लावून घेतलेले एक अगदी साधे चित्र मी इतरांपुढे ठेवले, आणि काही तासांतच एका जाणकाराने दाखवून दिले की सांध्याच्या अलीकडे दोन रुळांच्या जोडावर केसाएवढी पायरी आहे आणि पुढचे चाक तिच्यावर चढून उचलले जाते. वरून पाहताना ती मला कधीच दिसली नव्हती. मदत मागताना असेच चित्र हवे : बाजूने सरळ घेतलेले, शेजारी पट्टी ठेवलेली, सजावट नसलेली.

प्लायवूड उघडे असतानाच्या चित्रांचा उपयोग सर्वांत आधी आपल्यालाच होईल. खडी आणि गवत बसवल्यानंतर वायर कुठून गेली, सांध्याची मोटर नेमकी कोणत्या फळीखाली आहे, हे आठवत नाही. त्या वेळी जुने चित्र तासांचे काम वाचवते. माझ्या पहिल्या लेआउटची फक्त चार छायाचित्रे आज शिल्लक आहेत. घर बदलताना तो मोडावा लागला, आणि 'पूर्ण झाला की नीट चित्रे काढू' असे म्हणता म्हणता तो कधी पूर्ण झालाच नाही. त्यातल्या दगडी पुलाचे एकही चित्र माझ्याकडे नाही याचे मला आजही वाईट वाटते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी उभारलेला 'गोरी अँड डिफीटेड' हा एचओ लेआउट 1973 मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, आगीत नष्ट झाला. ते स्वतः व्यावसायिक छायाचित्रकार होते, आणि त्यांनी आपल्या डोंगरदऱ्या, पूल व जुनाट इंजिने इतक्या काळजीने टिपून ठेवली होती की तो लेआउट कधीही न पाहिलेली माणसे आजही त्या चित्रांवरून काम शिकतात.

आपल्याला माझी विनंती अशी की निळे डिझेल इंजिन पहिल्या फलाटाच्या टोकाला उभे करावे, छतावरचे तीनपैकी दोन दिवे मालवावेत, फोन उलटा करून फलाटावर इंजिनापासून एक वीत अंतरावर टेकवावा आणि इंजिनाचे तोंड व एक बाजू दिसेल असे चित्र घ्यावे. त्यासोबत मालधक्क्याकडे वळणाऱ्या सांध्याचे एक चित्र रुळांच्या पातळीवरून घेऊन द्यावे. पहिल्या चित्रात त्या सांध्यापाशी उभी असलेली वाघीण किंचित तिरकी दिसते आहे, आणि तिथला रूळ उचललेला आहे की चाकच नीट बसलेले नाही, हे वरून घेतलेल्या चित्रावरून सांगता येत नाही.